नोंदवही बंद पडते तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्हांला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असेलच. बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या तळाशी खारे आणि अल्कधर्मी पाणी आहे. २०२० सालच्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी दिसू लागले आणि सगळीकडे एकच चर्चा सुरू झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले. खारटपणा वाढला की फोफावणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने हा रंग आला होता, असे निष्पन्न झाले. पुढे पावसाचे पाणी मिसळल्यावर तो ओसरला.

कारण कळले. पण जिज्ञासू माणसाचे एवढ्याने समाधान होत नाही. पाणी किती उतरले म्हणजे रंग पालटू लागतो? त्याआधीच्या महिन्यात किती पाऊस झाला होता? सामू किती होता? मागे असे कितीदा घडले? गेलेल्या दिवसाचे तापमान आज कितीही महागडे उपकरण आणले तरी मोजता येत नाही. ते त्या दिवशी कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. सोळाव्या शतकातील ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा आणि तेथे मिळणाऱ्या, काच व साबण करण्यास लागणाऱ्या पदार्थांचा उल्लेख आहे; तो कोणी लिहिला म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

आता समजा, तुमच्या शाळेने रोज पाऊस, कमाल-किमान तापमान आणि आकाशाची स्थिती नोंदवायचे ठरवले. लोणार जवळ असेल तर आठवड्यातून एकदा काठावरून पाण्याचा रंगही. (सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, पाण्याचा नमुना घ्यायचा तर वन खात्याची परवानगी हवी.) कागदी वही त्यासाठी उत्तमच. मात्र ती एका वेळी एकाच्याच हातात राहते, भिजते, आणि पाच वर्षांपूर्वीचा एखादा आकडा शोधायचा तर पाने चाळत बसावे लागते. म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक नोंदवही वापरतात. तिचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘एलॉग’. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेचे भौतिकशास्त्रज्ञ श्टेफान रिट यांनी ही संगणक-आज्ञावली तयार केली. ती फुकट मिळते आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालते. इंटरनेट नसले तरी अडत नाही.

ज्या संगणकावर ही आज्ञावली चालते त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. बाकीचे संगणक किंवा फोन ताट मांडून बसतात, ब्राउझरमधून मागणी करतात आणि हा त्यांना पान वाढतो. शाळेच्या जाळ्यात सर्व्हरला एक पत्ता असतो. शिवाय तहसील कचेरीत जशा वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या खिडक्या, तशा त्याच्यावर क्रमांक दिलेल्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एलॉग सहसा ८०८० क्रमांकाच्या खिडकीवर बसते.

पान उघडत नाही!

एके दिवशी सकाळी पर्जन्यमापक पाहून तुम्ही नोंद करायला येता आणि पान उघडतच नाही. अशा वेळी दिसेल ते बटण दाबणे, सगळे काढून पुन्हा बसवणे हा उपाय नव्हे. डॉक्टर आधी नाडी पाहतात, तसे करा. प्रत्यक्ष सर्व्हरसमोर बसा आणि त्याच्याच ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता व ८०८० ही खिडकी देऊन पाहा. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. येथे पान उघडले तर आज्ञावली ठणठणीत आहे आणि दोष वाटेत कोठेतरी आहे. नाही उघडले तर दोष सर्व्हरमध्येच आहे. या एका चाचणीने शोधायची जागा निम्मी होते.

वाटेतला दोष बहुधा पत्त्याचा असतो. जाळ्यातील राउटर प्रत्येक संगणकाला पत्ता वाटून देतो. वीज जाऊन आली की तो सर्व्हरला दुसराच पत्ता देऊ शकतो, आणि तुम्ही जुन्याच घराची कडी वाजवत राहता. राउटरच्या मांडणीत सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो. कधी संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, ८०८० ची वाट अडवते. तेवढी खिडकी तिच्यात मोकळी करावी लागते.

दोष सर्व्हरमध्येच असेल तर आज्ञावली चालू आहे का, ते पाहा. विजेनंतर संगणक आपोआप सुरू झाला, पण आज्ञावली आपोआप सुरू करण्याची व्यवस्था केलेली नव्हती, असे पुष्कळदा आढळते. किंवा दुसरीच एखादी आज्ञावली ८०८० वर ठाण मांडून बसलेली असते. एलॉगच्या मांडणीची फाइल साधा मजकूर असते. तिच्यात काल कोणी बदल केला असेल तर तेथे एखादी चूक राहिली असेल. आज्ञावली हाताने, तपशीलवार संदेश दाखवण्याचा पर्याय लावून, सुरू केली तर ती स्वतःच आपले दुखणे पडद्यावर सांगते. ते संदेश नीट वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

कधी कारण अगदी साधे निघते: डिस्क भरलेली असते. रोज चार मेगाबाइटची पाच छायाचित्रे नोंदीला जोडली तर वर्षात सात गिगाबाइटहून अधिक जागा जाते. छायाचित्रे लहान करून जोडा.

घड्याळाचा घोटाळा

आतापर्यंतचे दोष तुम्हांला दिसतात तरी. खरा घातक दोष तो, ज्यात पान सुरळीत उघडते, नोंद होते आणि ती खोटी असते.

भारतीय हवामान खाते पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजते. तो आकडा मागील २४ तासांचा असतो. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेवर राहिले असेल, तर साडेपाच तासांच्या फरकाने तुमची नोंद पहाटे ३.०० ची दिसेल. एखाद्याने पहाटे ५ वाजता वादळाची नोंद केली तर ती आदल्या रात्री ११.३० ची होईल, म्हणजे तारीखच बदलेल! कालविभाग ‘एशिया/कोलकाता’ असा निवडला की हे दुरुस्त होते.

याहून फसवा प्रकार रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकात आढळतो. त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत वीज नसतानाही चालणारे घड्याळच नव्हते; पाचव्या पिढीत ते आले, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट असेल तर हा संगणक तेथून वेळ विचारून घेतो. ते नसेल तर वीज आल्यावर तो शेवटी साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. भारनियमनात तीन तास वीज गेली, तर घड्याळ निदान तीन तास मागे पडते, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ही चूक वाढत जाते. थोड्या पैशांत मिळणारे, नाण्याएवढ्या बॅटरीचे घड्याळ-मंडल जोडले की हे थांबते. बॅटरी उतरल्यावर जुन्या टेबल-संगणकाचेही असेच होते.

येथे माझी एक आग्रहाची सूचना आहे. नोंदवहीत ‘निरीक्षणाची वेळ’ असा वेगळा रकाना करा आणि ती मनगटावरच्या घड्याळात पाहून निरीक्षकाने भरावी. सर्व्हर स्वतःचा शिक्का मारतोच. दोन्ही वेळांत एरवी दहा-पंधरा मिनिटांचे अंतर असेल आणि एके दिवशी ते एकदम तीन तास झाले, तर घड्याळ बिघडल्याचे त्याच दिवशी कळेल. शिवाय मागच्या नोंदी किती सरकवायच्या तेही त्या रकान्यातूनच निघेल.

शून्य आणि रिकामी जागा

जुलैतल्या एका आठवड्यात चारच दिवस पाऊस मोजला गेला असे धरा: १२, ०, ८ आणि ४ मिलिमीटर. बेरीज २४, दररोजची सरासरी ६. पण न मोजलेले तीन दिवस कोणी शून्य समजून सातने भागले तर ३.४ येईल. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एलॉगमध्ये एखादा रकाना सक्तीचा करता येतो. पावसाचा रकाना सक्तीचा करा आणि त्यात ‘मोजला नाही’ असे लिहिण्याची मुभा ठेवा.

कागदी प्रयोगवहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा असतो. इलेक्ट्रॉनिक वहीत बदल केला तर माग न ठेवता जुना आकडा नाहीसा होऊ शकतो. म्हणून मांडणीत ‘रिस्ट्रिक्ट एडिट टाइम’ ही ओळ घालून २४ तासांनंतर नोंद बदलण्यास मनाई करावी. त्यानंतरची दुरुस्ती मूळ नोंदीला उत्तर म्हणून जोडावी. प्रत्येकाला स्वतःचे नाव व परवलीचा शब्दही द्यावा. सगळ्या वर्गाने एकच परवलीचा शब्द वापरला, तर आकडा कोणाचा हे कोणाला विचारणार?

मराठीत लिहिलेल्या नोंदी एखाद्या दिवशी विचित्र चिन्हांत दिसू लागल्या तर घाबरून त्या पुन्हा लिहू नका. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. मांडणीत पाश्चात्त्य लिपीचा तक्ता निवडलेला असेल, तर ब्राउझर एकेका बाइटला वेगळे अक्षर समजतो. मूळ नोंद शाबूत असते. मांडणीतील ‘कॅरॅक्टर सेट’ची ओळ यूटीएफ-८ अशी केली की ‘पाऊस’ परत येतो.

आता राहिली प्रत. एलॉग आपल्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवते; नोंद असलेल्या प्रत्येक दिवसाची एक फाइल, आणि तिच्या नावातच तारीख. म्हणजे उद्या ही आज्ञावली नसली तरी नोंदी वाचता येतील. दर शनिवारी आज्ञावली थांबवून नोंदींची सर्व फोल्डरे आणि मांडणीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून वही उघडा, शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि एखादे छायाचित्र मूळ वहीशी ताडून पाहा. क्रमांक जुळला नाही तर प्रत घेण्याआधी आज्ञावली खरोखर थांबवली होती का, आणि त्या वेळी कोणाची नोंद चालू होती का, ते आधी तपासा.