उपकेंद्रातल्या मॅडम डॉक्टर की नर्स?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "उपकेंद्रात मॅडम बसतात, पण त्या डॉक्टर की नर्स, तेच कळंना. मग कशाला जायचं?" या ताईंना बीपी आहे. गोळ्यांसाठी तालुक्याला गेलं की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दोन महिने गोळ्याच बंद. त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर बैठकीत कुणालाच देता आलं नाही. मलाही अर्धवटच माहीत होतं. म्हणून या वेळचा धडा यावरच.

त्या मॅडम (काही गावांत सर असतात) म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बोलताना आपण सीएचओ म्हणतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, तेव्हापासून हे पद उपकेंद्रात आलं. एक उपकेंद्र साधारण ५००० लोकांसाठी असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० लोकांसाठी. एवढ्या प्रत्येक ठिकाणी एमबीबीएस डॉक्टर मिळत नाही, हे आपण बघतोच.

सीएचओ एमबीबीएस नसतात, पण बिनशिकलेल्याही नसतात. कुणी बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीधर, साडेपाच वर्षं शिकलेल्या. कुणी नर्सिंग केलेल्या. त्यावर सहा महिन्यांचं समुदाय आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण. आता तर हा भाग बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच घेतला आहे. आपल्या नेहमीच्या नर्सताई वेगळ्या आणि आशाताई वेगळ्या, तिघी मिळून काम करतात.

डॉक्टरांच्या जोडीला असं माणूस तयार करायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डॉक्टर कमी पडत होते, तेव्हा १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन 'फिजिशियन असिस्टंट'चा अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथे लाखाच्या वर असे लोक काम करतात. आपल्या सीएचओंचं शिक्षण आणि अधिकार वेगळे आहेत, पण गरज तीच.

आता आपल्या कामाचं. तीस वर्षांवरील प्रत्येकीची बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी व्हायला हवी. तिची सुरुवात उपकेंद्रातून होते. बीपीची गोळी कोणती, किती, हे पीएचसीचे डॉक्टर ठरवतात. नंतर दर महिन्याला बीपी मोजणं आणि गोळ्या देणं सीएचओ करतात. गरज पडली तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. पण त्यांच्याकडे औषधं ठरवून दिलेल्या यादीतलीच असतात. छातीत दुखतंय, एक बाजू लुळी पडली, गरोदर बाईला रक्तस्राव होतोय, अशा वेळी उपकेंद्रात थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा.

खरं सांगायचं तर कधी उपकेंद्राला कुलूप दिसतं, कधी गोळ्या संपलेल्या असतात. अशा वेळी घरी येऊन बोलत बसण्यापेक्षा ग्रामसंघाने तारीख घालून लेखी अर्ज द्यावा, पीएचसीला आणि ग्रामपंचायतीला. पोच घ्यायला विसरू नका.

त्या ताईंना मी सोबत घेऊन गेले. बीपी १७०/१०० निघालं. मॅडमनी पीएचसीच्या डॉक्टरांना फोन लावला, त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. पुढची तारीख ताईंनी गटाच्या पासबुकावर मागच्या पानावर लिहून घेतली आणि येताना मला विचारलं, "माझी नात बारावी सायन्सला हाय. तिला नर्सिंगचा फॉर्म कधी भरायचा?"