शेतातला विजेचा खांब आणि मालकाचा हक्क

चलथाण परिसरात उसाच्या शेतांत आणि घरांच्या अंगणांत विजेचे खांब उभे आहेत. खांब कंपनीचा असला, तरी त्याखालची जमीन मालकाचीच राहते, हे आम्ही प्रथम सांगू इच्छितो.

२००३ चा वीज कायदा व २००६ चे नियम यांनुसार खासगी जमिनीत खांब किंवा ताण उभारण्यापूर्वी वीज कंपनीने मालकाची संमती घ्यावी लागते. मालकाने हरकत घेतल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि भरपाई किंवा वार्षिक भाडे तेच ठरवतात. सबळ कारण दाखवल्यास उभा खांब हलवण्याचा आदेशही ते देऊ शकतात. सरकारने खास अधिकार दिलेल्या मोठ्या वाहिन्यांच्या मनोऱ्यांना मात्र संमती लागत नाही. तरी झालेल्या नुकसानीची भरपाई तेथेही द्यावीच लागते.

म्हणून न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. हरकत काम सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावी, सातबाराचा उतारा जोडावा व पोच घ्यावी. मोडलेल्या पिकाचा पंचनामा करून घ्यावा. रागाच्या भरात खांबाला हात लावू नये, आणि ताणाला गुरे बांधू नयेत. हक्क कागदाने मिळतो. गेलेला जीव परत येत नाही.