नळीतून अन्न, पोटाचा त्रास आणि प्रोबायोटिक

प्रश्न : अपघातात डोक्याला जबर मार लागून माझे वडील अतिदक्षता विभागात आहेत. नाकातल्या नळीतून अन्न देतात. पण पोट फुगतं, जुलाब होतात. प्रोबायोटिक द्यावं का?

उत्तर : तुमची घालमेल समजते. मेंदूला मार बसला की जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही. तरीही अन्न थांबवणं हा उपाय नव्हे. पहिल्या २४ ते ४८ तासांत थोडं-थोडं सुरू करून आठवड्याच्या आत पूर्ण गरज भागवायची असते. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. एवढ्यानं भागलं नाही, तर नळी लहान आतड्यापर्यंत नेतात. जुलाबांमागे बहुधा अँटिबायोटिक किंवा सॉर्बिटॉलयुक्त पातळ औषधं असतात, म्हणून आधी औषधांची यादी तपासून घ्या.

प्रोबायोटिकबाबत मी सावध आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, कृत्रिम श्वासावरच्या २६५० रुग्णांच्या अभ्यासात त्यानं न्यूमोनिया टळला नाही; उलट काहींच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जिवाणू सापडले. मोठ्या शिरेत नळी असताना हा धोका खरा आहे. घरून ताक किंवा कॅप्सूल नेऊन अन्नाच्या नळीत घालू नका. आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारा.