वेण्णा तळ्यावरचं पांढरं दंव

गेल्या डिसेंबरात गावात बातमी आली. महाबळेश्वरला यंदा लवकर बर्फ पडला! आमच्या हिंजवडीत बर्फ बघितलाय कुणी? लग्नातल्या सरबतात असतो तेवढाच. आम्ही सातजणांनी मिळून जीप ठरवली.

रात्री एकला निघालो. ऊन वर आलं की सगळं विरघळतं, म्हणून ही घाई. खंबाटकीचा घाट झाला. सुरूर फाट्याला वळून वाईला आलो. पसरणीच्या घाटात थंडी वाजू लागली. पाचगणीच्या पुढं तर तोंडातून वाफ निघू लागली. पुणं समुद्रापासून सुमारे १,८०० फूट उंच आहे, महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट. हजार फूट वर गेलं की हवा साधारण दोन अंशांनी थंड होते.

उजाडायच्या आत वेण्णा तळ्यावर पोचलो. हे तळं निसर्गानं केलेलं नव्हे. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनी ते १८४२ साली बांधून घेतलं. काठचं गवत पांढरं झालं होतं, मीठ भुरभुरावं तसं. उभ्या गाड्यांच्या टपांवरही पांढरा थर. बोटानं खरवडला तर नखाखाली बर्फ आला! तळ्याचं पाणी मात्र गोठलं नव्हतं. त्यावरून वाफा निघत होत्या.

आमच्या मावशी आभाळाकडं बघत म्हणाल्या, "वरून तर काहीच पडलं न्हाई. मग ह्यो बर्फ आला कुठनं?"

मावशींनी बरोबर विचारलं. हा बर्फ वरून पडलेला नव्हेच. हिमालयात पडतो तो बर्फ ढगातच तयार होतो आणि खाली येतो. इथं जमिनीवरचं दंव गोठतं. पावसाळ्यात गार पाण्याचा तांब्या भरून ठेवा. तांब्याला बाहेरून घाम सुटतो. हवेतली वाफ गार तांब्याला लागली की तिचं पाणी होतं. तसंच गार गवतावर दंव पडतं. गवत ० अंशाच्या खाली गेलं की त्याच दंवाचा बर्फ होतो.

गवत इतकं गार का होतं? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडं सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की जमीन झपाट्यानं निवते. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराला लागते आणि तळ्याकाठच्या खोलगट जागेत साचते. म्हणून तिथं गवत पांढरं आणि वर बाजारात काही नाही, असं होतं.

वर्तमानपत्रात पारा ५ अंश लिहिलेला असला तरी दंव गोठू शकतं. वेधशाळेचा पारा जमिनीपासून सुमारे ४ फूट उंच पेटीत असतो. गवताजवळची हवा त्याहून थंड असते. आम्हाला आधी ही बातमीच खोटी वाटली होती.

ऊन आलं आणि घटकाभरात सगळं पाणी झालं. जवळच स्ट्रॉबेरीचं शेत होतं. शेतकरी वाकून फुलं बघत होता. आमच्यातला एकजण म्हणाला, "काय दादा, मजा हाय तुमची! बर्फ दारात!"

तो हसला नाही. "पाव्हणं, मजा तुमची. हे बघा."

त्यानं एक फूल दाखवलं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, पण मधला भाग काळा. तो मधला भागच पुढं फळ होतो. तो गोठून मेला की त्या फुलाला फळ नाही. त्याच्या वाफ्यावर अशी कितीतरी फुलं होती. पलीकडच्या चार वाफ्यांवर त्यानं रात्री कापड घातलं होतं. तिथली फुलं चांगली होती. कापडाखाली जमिनीची ऊब राहते. सगळ्या रानाला पुरेल एवढं कापड त्याच्याकडं नव्हतं.

आम्ही त्याच्याकडून दोन पेट्या स्ट्रॉबेरी घेतली. भावात घासाघीस करायला कुणाची जीभ रेटली नाही.

दिवसभर देऊळ, बाजार केला. तिन्हीसांजेला परत त्याच रस्त्यानं निघालो. वारा पडला होता. आभाळात एक ढग नव्हता. तो शेतकरी आणि त्याची कारभारीण वाफ्यांवर कापड ओढत होती. जुनी लुगडी, पोतीसुद्धा आणली होती. मावशींनी जीप थांबवायला लावली. आम्ही सगळे उतरलो आणि कापडाची टोकं धरली.