लिंबूटिंबू की कामाचा गडी?



शंका विचारायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने परवा भौतिकीची वही मिटली आणि भलताच प्रश्न काढला. "सर, पोकेमॉनच्या खेळात मी चारमँडर निवडला. पहिल्याच आखाड्यात दोनदा हरलो. आता सगळा खेळ पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?" बिचाऱ्याची आठवडाभराची मेहनत पुसली जाणार होती. मी म्हटले, "आधी गणित करू, मग ठरव."

ते गणित आज तुमच्यापुढे मांडतो. त्याला सातवी-आठवीचे गुणाकार-भागाकार पुरेसे आहेत.

पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये १९९६ साली निघाला. त्याचीच सुधारलेली आवृत्ती 'फायररेड' २००४ साली आली. आपले सगळे आकडे या फायररेडचे आहेत. खेळाच्या आरंभी तीन प्राण्यांतून एक निवडायचा असतो : गवत जातीचा बल्बासॉर, पाणी जातीचा स्क्वर्टल किंवा अग्नी जातीचा चारमँडर. मग त्याला लढवत, वाढवत आठ आखाड्यांचे वस्ताद जिंकायचे.

बेरीज काय सांगते?

प्रत्येक प्राण्याला सहा मूळ अंक असतात : जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. चारमँडरचे अंक अनुक्रमे ३९, ५२, ४३, ६०, ५० आणि ६५. यांची बेरीज ३०९. स्क्वर्टलची बेरीज ३१४ आणि बल्बासॉरची ३१८. म्हणजे तिघांत चारमँडर शेवटचा. मग तो लिंबूटिंबूच म्हणायचा का?

थांबा. हे प्राणी वाढतात आणि त्यांचे रूप दोनदा पालटते. पूर्ण वाढ झाल्यावर बल्बासॉरचा व्हीनसॉर होतो, बेरीज ५२५. स्क्वर्टलचा ब्लास्टॉइज होतो, बेरीज ५३०. आणि चारमँडरचा चारिझार्ड होतो, बेरीज ५३४! आरंभीचा क्रम शेवटी बरोबर उलटा झाला. आज शेवटचा असलेला उद्या पहिला.

पण म्हणून चारमँडर सर्वांत चांगला, असेही म्हणता येत नाही. बेरजेत वेग आणि बचाव एकाच टोपलीत पडतात. लढाईत मात्र प्रत्येकाचे काम वेगळे असते. म्हणून बेरीज बाजूला ठेवू आणि थेट लढाईच मोजू.

किती फटके लागतील?

खरा प्रश्न दोन संख्यांचा आहे. समोरच्याला लोळवायला आपले किती फटके लागतात? आणि आपण किती फटक्यांत लोळतो?

पहिल्या आखाड्याचा वस्ताद ब्रॉक. त्याचा मुख्य गडी ओनिक्स, पातळी १४. तो खडक आणि जमीन अशा दोन जातींचा. आपला चारमँडरही १४ व्या पातळीचा धरू. उपजत किंवा सरावाने मिळणारे जादा गुण सोडून दिले, तर कोणत्याही पातळीचा अंक असा काढतात :

मूळ अंक × २ × पातळी ÷ १००, अपूर्णांक सोडून, अधिक ५. जीव काढताना ५ ऐवजी 'पातळी अधिक १०' मिळवायचे.

चारमँडरचा विशेष हल्ला : ६० × २ × १४ ÷ १०० = १६.८. अपूर्णांक सोडून १६, अधिक ५, म्हणजे २१. याच रीतीने त्याचा हल्ला १९, बचाव १७ आणि जीव ३४ येतो. ओनिक्सचा हल्ला १७, बचाव ४९, विशेष बचाव १७ आणि जीव ३३.

आता फटक्याचे सूत्र :

पातळीचा गुणक × डावाचे बळ × हल्ला ÷ बचाव. याला ५० ने भागा आणि २ मिळवा.

पातळीचा गुणक म्हणजे पातळीची दुप्पट भागिले ५, अधिक २. पातळी १४ ला तो ७ येतो. डाव स्वतःच्या जातीचा असेल तर उत्तराची दीडपट करायची. शेवटी समोरच्याच्या जातीप्रमाणे दुप्पट, निमपट वगैरे. प्रत्येक पायरीला अपूर्णांक सोडायचा. खेळात यावर नशिबाचा ८५ ते १०० टक्क्यांचा गुणकही लागतो. आपण तो दोन्ही बाजूंना १०० धरू.

चारमँडरने साध्या नखांनी ओरखडले, तर हल्ला १९ आणि बचाव ४९ यांची गाठ पडते. फटका येतो ४, आणि खडकावर साधा डाव निमपट म्हणून उरतात २. ओनिक्सचा जीव ३३, म्हणजे तब्बल १७ फटके!

आता 'एम्बर' हा ठिणग्यांचा डाव घ्या. त्याचे बळही ओरखड्याइतकेच, ४०. पण तो विशेष डाव असल्याने गाठ विशेष बचावाशी पडते. ७ × ४० × २१ ÷ १७ हे झाले सुमारे ३४६. भागिले ५० म्हणजे ६, अधिक २ म्हणजे ८. दीडपट १२. खडकावर आग निमपट, म्हणून ६. सहा फटक्यांत काम झाले.

सतराचे सहा कसे झाले? ओनिक्सचा मूळ बचाव १६० आहे, पण विशेष बचाव अवघा ४५. माझा विद्यार्थी भिंतीवर डोके आपटत होता. शेजारचे दार त्याने पाहिलेच नव्हते.

आता दुसरी बाजू. ओनिक्सचा 'रॉक टूम' हा डाव खडकाच्या जातीचा आणि बळ ५०. याच सूत्राने चारमँडरवर तो २६ चा फटका मारतो. जीव ३४, म्हणजे दोन फटक्यांत खेळ खलास. आपल्याला सहा हवेत, त्याला दोन पुरतात. ही लढाई हरण्याचीच, हे कबूल केले पाहिजे. स्क्वर्टलच्या पाण्याचा फटका मात्र खडक आणि जमीन या दोन्हींवर दुप्पट, म्हणून एकूण चौपट बसतो. उत्तर ४८. एकाच फटक्यात ओनिक्स आडवा!

दोन पायऱ्यांची किंमत

मग चारमँडर टाकून द्यायचा? १६ व्या पातळीला त्याचा चारमेलियन होतो. तेथे गणित पुन्हा करा. जीव ४४, बचाव २३, हल्ला २५. आता ओनिक्सचा रॉक टूम २० चा बसतो, म्हणजे त्याला तीन फटके हवेत. आपल्याकडे १३ व्या पातळीला शिकलेला 'मेटल क्लॉ' आहे. पोलादाचा डाव खडकावर दुप्पट बसतो. फटका १२ चा, म्हणजे तीन फटके पुरे. सहाविरुद्ध दोनचे तीनविरुद्ध तीन झाले. शिवाय रॉक टूम शंभरातून वीस वेळा चुकतो, मेटल क्लॉ पाचच वेळा. हरण्याची लढाई बरोबरीची झाली.

याची किंमत किती? १४ वरून १६ व्या पातळीला जायला ९२३ अनुभवगुण लागतात. एवढे मोजायची तयारी नसेल, तर या आखाड्यात दुसरा गडी पाठवावा आणि चारमँडरला पुढे राखून ठेवावे. चौथ्या आखाड्यातली एरिका गवताचे प्राणी लढवते. गवतावर आग दुप्पट, आगीवर गवत निमपट. तेथे हाच गडी शेर ठरतो.

किंमत मोजणे का महत्त्वाचे, हे मॅजिकार्प नावाच्या माशावरून कळते. खेळातले ५०० मोजून तो ५ व्या पातळीला विकत मिळतो आणि १५ वी पातळी येईपर्यंत त्याला नुसते उड्या मारता येतात. त्यांनी कोणाला खरचटतही नाही. पण २० व्या पातळीला त्याचा ग्यारॅडॉस होतो आणि हल्ला ९ वरून एकदम ५५ वर जातो! तोवर ९,८४४ अनुभवगुण त्याला भरवावे लागतात. मासा एकटा जिंकू शकत नाही, म्हणून तो थोडा वेळ मैदानात येतो, दुसऱ्याला पुढे करतो आणि अनुभवाची वाटणी घेतो. म्हणजे हे गुण सोबत्यांच्या ताटातले असतात. ते परवडतात का, हे आपल्या संघाकडे पाहूनच ठरते.

तात्पर्य

आगगाडीचा वेग विचारला की आपण म्हणतो, कशाच्या सापेक्ष? गडी कामाचा आहे का, असे विचारले तरी हेच म्हणायला हवे : कोणाविरुद्ध, कोणत्या पातळीला आणि किती किंमतीला? हे तीन प्रश्न न विचारता मारलेला 'कुचकामी' हा शिक्का म्हणजे एककाविना लिहिलेले उत्तर. तसेच 'माझा आवडता म्हणून उत्तम' हेही. गणिताने आपल्याला दोन्हींपासून वाचवले : चारमँडर आज हरतो हेही त्याने लपवले नाही, आणि तो कायमचा दुबळा नाही हेही दाखवले. शिक्षकबंधुभगिनींनी एकूण गुणांच्या यादीवरून वर्गातली मुले पारखताना हे उदाहरण आठवावे, एवढीच विनंती.

माझ्या विद्यार्थ्याने खेळ पुसला नाही. दोन पायऱ्या चढून गेला आणि दुसऱ्या प्रयत्नात जिंकला. पहिल्या प्रयत्नात हरलाही. बरोबरीच्या लढाईत तसे व्हायचेच.

करून पाहा

चारमेलियन १८ व्या पातळीला असेल, तर त्याच ओनिक्सवर एम्बरचे किती फटके लागतील आणि मेटल क्लॉचे किती? चारमेलियनचे मूळ अंक : हल्ला ६४, विशेष हल्ला ८०. एम्बर कधी आपणहून चुकत नाही, हे लक्षात घेऊन कोणता डाव निवडाल?

(उत्तर : एम्बर ११ चा आणि मेटल क्लॉ १४ चा बसतो, दोन्हींचे तीनच फटके लागतात. म्हणून न चुकणारा एम्बर बरा. आता नशिबाचा गुणक ८५ टक्के धरून हेच गणित पुन्हा करा आणि निवड बदलते का ते पाहा.)