मोटार जमिनीपासून किती उंच असावी?

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढ मोजण्याचा प्रयोग आपणांपैकी बहुतेकांनी केलेला असतो. वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट होते असे वहीत लिहावे, आलेखावर सरळ रेषा काढावी, गुरुजींची सही घ्यावी आणि स्प्रिंग कपाटात ठेवून द्यावी, येथे तो प्रयोग संपतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला हा नियम कपाटाबाहेर पडला म्हणजे काय काय करू शकतो, हे पाहावयाचे असेल तर रॅलीच्या मोटारीसारखे बोलके उदाहरण मिळणे कठीण. त्या मोटारीत चालक आणि त्याच्या शेजारी बसून मार्गाची टिपणे वाचून दाखविणारा सहचालक अशी दोन माणसे असतात. स्प्रिंगचा हिशेब चुकला तर त्याचे प्रायश्चित्त या दोघांना घ्यावे लागते. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

रॅली म्हणजे गोल मैदानावरील शर्यत नव्हे. मोटारी एकामागून एक ठराविक अंतराने सुटतात आणि रहदारीस बंद केलेल्या निरनिराळ्या टप्प्यांवर प्रत्येकीस किती वेळ लागला याची बेरीज करून निकाल लावला जातो. रस्ता मात्र कसाही असू शकतो. १९६४ साली मॉन्टे कार्लोची रॅली पॅडी हॉपकर्क याने मिनी कूपर या चिमुकल्या मोटारीतून जिंकली. तिची चाके अवघी दहा इंचांची, आणि धातूच्या स्प्रिंगांऐवजी तिला अॅलेक्स मोल्टन याने योजिलेले रबराचे शंकू होते. आल्प्स पर्वतातील डांबरी व बर्फाच्छादित वाटांवर ती अजिंक्य ठरली. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली केनियात जन्मलेले शीख चालक जोगिंदर सिंग यांनी आपले बंधू जसवंत सिंग यांच्या साथीने जिंकली. त्यांची व्होल्व्हो पी. व्ही. ५४४ ही मोटार उंच बांध्याची होती, आणि नवी नसून आधी वापरलेली होती. चिखल, खड्डे आणि धूळ यांनी भरलेल्या त्या मार्गावर १९६३ साली आणि पुन्हा १९६८ साली केवळ सात सात मोटारीच शेवटपर्यंत पोहोचल्या होत्या. तेव्हा ‘रॅलीची मोटार किती उंच असावी?’ या प्रश्नाचे उत्तर मोटारीकडे पाहून देता येत नाही. आधी रस्त्याकडे पाहावे लागते.

अभ्यासासाठी आपण फोर्ड एस्कॉर्ट ही मोटार घेऊ. ती १९६८ साली बाजारात आली आणि १९७२ पासून १९७९ पर्यंत सलग आठ वर्षे ब्रिटनची आर. ए. सी. रॅली एस्कॉर्टनेच जिंकली. पहिल्या दोन पिढ्यांची ही मोटार तयार होणे १९८० साली थांबले. परंतु ब्रिटनमधील हौशी मंडळी जुन्या मोटारींच्या रॅलीत ती आजही चालवितात. कारण तिची रचना साधी आहे. पुढे प्रत्येक चाकाला अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा उभा खांब, म्हणजे स्ट्रट. त्याच्या भोवती गुंडाळी स्प्रिंग आणि पोटात शॉक-अॅब्सॉर्बर. मागे एकसंध आस आणि, आपल्याकडील मालमोटारींना असतात तसे, पाटे.

स्प्रिंगचा हिशेब

समजा, पुढच्या एका चाकावर, चाकाचे स्वतःचे वजन वगळून, २५० किलोग्रॅम भार आहे आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलोग्रॅम या प्रमाणात दबते. खडीच्या वाटेसाठी हौशी एस्कॉर्टला साधारण अशाच ताठपणाची स्प्रिंग घालतात. मग मोटार नुसती उभी असताना स्प्रिंग २५० भागिले अडीच, म्हणजे १०० मिलिमीटर दबलेली असेल. या अंकाचे एक गमतीचे वैशिष्ट्य आहे. तेवढ्याच लांबीचा लंबक जितक्या वेळात एक झोका पूर्ण करतो, तितक्याच वेळात ती मोटार एकदा खालीवर होते. दहा सेंटिमीटर दोऱ्याला खडा बांधून झोका द्यावा. त्याचा आवर्तकाल ०.६३ सेकंद भरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ आंदोलने. डांबरी रस्त्यासाठी स्प्रिंग दुप्पट ताठ केली तर ती ५० मिलिमीटरच दबेल आणि आंदोलने सेकंदाला २.२ होतील. अशी मोटार वळणावर कमी झुकते आणि चक्राच्या आज्ञेस चटकन वळते. परंतु खडीच्या वाटेवर तिची चाके जमिनीला धरून राहण्याऐवजी उड्या मारू लागतात. जे चाक हवेत आहे ते वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते की उंची आणि ताठपणा या एकाच गोष्टी होत. तसे नाही. रॅलीच्या स्ट्रटवर स्प्रिंगची खालची बैठक आटे पाडलेल्या नळीवर बसविलेली असते. ती फिरवून वर चढविली की मोटार उंच होते, खाली उतरविली की बसते. स्प्रिंगवरचा भार तोच राहतो, म्हणून तिचे दबणेही तेच राहते. मग बदलते काय? बदलते ती चाकाच्या हालचालीची वाटणी.

चाकाला एकंदर २०० मिलिमीटर हालचालीची मुभा आहे असे धरू. उभ्या स्थितीत १०० मिलिमीटर वर जाण्यास आणि १०० खाली लोंबण्यास शिल्लक आहेत. आता मोटार ४० मिलिमीटर खाली बसविली. वर जाण्यास ६० उरले आणि खाली १४० झाले. उंचवटा आला की चाक ६० मिलिमीटरांतच रबरी ठोकळ्यावर आदळेल. शिवाय स्प्रिंग मुळात १०० मिलिमीटरच दबलेली आहे; चाक १४० लोंबले तर शेवटचे ४० मिलिमीटर स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल खुळखुळेल, आणि तेथे तिला धरून ठेवणारी दुसरी लहान स्प्रिंग नसेल तर ती जागेवरून सरकेल. उलट मोटार ४० मिलिमीटर उंच केली तर वर १४० मिळतात, पण खाली ६० च उरतात; खोलगट जागी चाक लोंबकळत राहते आणि जमीन त्याच्या खालून निघून जाते. उंचीचा प्रत्येक मिलिमीटर असा एका बाजूकडून घेऊन दुसऱ्या बाजूला द्यावा लागतो.

उडी आणि शॉक-अॅब्सॉर्बर

मोटार एखाद्या चढावरून उडाली, चाके पूर्ण लोंबली आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवरून ती खाली आली, अशी कल्पना करू. जमिनीस टेकल्यावर ती आणखी २० सेंटिमीटर दबते, म्हणजे आपला २५० किलोग्रॅमचा भार एकूण अर्धा मीटर खाली येतो. त्यातून १,२२५ ज्यूल ऊर्जा मिळते. वीस सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग यांपैकी ४९० ज्यूलच साठविते. उरलेले ७३५ ज्यूल कोणी घ्यावयाचे? हिशेब करून पाहिले तर असे दिसते की ही ७३५ ज्यूल म्हणजे नेमकी त्या ३० सेंटिमीटर पडण्याचीच ऊर्जा होय. स्प्रिंगने त्यातील काहीच उचललेले नाही. ती टायर, रबरी ठोकळा आणि मुख्यतः शॉक-अॅब्सॉर्बर यांना पचवावी लागते. एकट्या शॉक-अॅब्सॉर्बरवर ती टाकली तर त्याला वीस सेंटिमीटरभर सरासरी ३७५ किलोग्रॅमचा विरोध करावा लागेल.

शॉक-अॅब्सॉर्बर हे काम बारीक छिद्रांतून तेल ढकलून करतो आणि गतीची उष्णता बनवितो. खडबडीत टप्प्यावर तो हाताला चटका बसेल इतका तापतो. तेलात हवेचे बुडबुडे मिसळले तर त्याचा जोर जातो. म्हणून रॅलीच्या शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये नायट्रोजन वायूचा दाब ठेवतात. स्प्रिंग दुप्पट ताठ केली तर त्याचा जोरही सुमारे १.४ पट वाढवावा लागतो, नाहीतर मोटार एकदा डोलू लागली की डोलतच राहते. स्प्रिंग बदलून शॉक-अॅब्सॉर्बर जुनाच ठेवणे ही हौशी माणसाची नेहमीची चूक आहे.

खाली बसविलेली मोटार नेहमी कमीच झुकेल, हीदेखील अशीच एक भ्रामक समजूत. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे. परंतु स्ट्रटच्या मोटारीत खालचा आडवा दांडा चाकाकडील टोकास वर उचलला जातो आणि मोटार ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली सरकतो. दोहोंमधील अंतर हाच झुकविणाऱ्या तरफेचा बाहू. तो वाढला की झुकणे वाढते. त्यातच सुकाणूचा दांडा आणि हा आडवा दांडा यांचे कोन परस्परांशी जुळेनासे होतात आणि चालकाने चक्र न फिरविताही उंचवट्यावर चाके आपोआप वळू लागतात.

जुळणीची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम जमीन सपाट हवी. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी तपासावी. टायरमधील हवा सारखी करावी, टाकीत स्पर्धेत असेल तेवढे पेट्रोल भरावे, जादा चाक जागेवर ठेवावे आणि दोघांच्या वजनाइतकी वाळूची पोती आसनांवर ठेवावी. जॅकवरून उतरविल्याबरोबर मोटार मोजू नये. टायर जमिनीस चिकटून राहतात आणि मोटार उंच भासते. ती चार पावले पुढेमागे ढकलावी, प्रत्येक कोपरा दाबून सोडावा आणि मगच मोजावे. माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायरच्या झिजेचा त्यावर परिणाम होत नाही. इंजिनाखालील संरक्षक पत्र्याचे जमिनीपासूनचे अंतर मात्र वेगळे टिपून ठेवावे.

नंतर चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवावे. समजा, पुढे डावीकडे २९०, उजवीकडे २६०. मागे डावीकडे २४०, उजवीकडे २७० किलोग्रॅम भरले. डावी बाजू ५३० आणि उजवी बाजूही ५३०. सारे ठीक आहे असे वाटते. पण कर्णाने बेरीज करा: २९० आणि २७० मिळून ५६०, तर २६० आणि २४० मिळून ५००. एक पाय आखूड असलेले टेबल जसे डुगडुगते, तशीच ही मोटार दोन कर्णांवर डुगडुगते आहे. ती एका बाजूस एक तऱ्हेने वळेल आणि दुसऱ्या बाजूस दुसऱ्या. पुढील डावी बैठक किंचित खाली आणि उजवी किंचित वर फिरविली म्हणजे पुढे २७५-२७५ आणि मागे २५५-२५५ अशी वाटणी साधते. पुढचे ५५० आणि मागचे ५१० यांत काही फरक पडत नाही. दोन्ही कर्ण मात्र ५३० होतात.

उंची ठरल्यानंतर ओळंब्याने चाकांचा कल आणि ताणलेल्या दोरीने त्यांची दिशा तपासावी. हा क्रम उलटा करू नये, कारण उंची बदलली की कल आणि दिशा दोन्ही बदलतात. शेवटी शॉक-अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर एक रबरी कडे चढवावे आणि परवानगी घेतलेल्या, रहदारीस बंद असलेल्या वाटेवर मोटार चालवून पाहावी. कडे दांड्यावर जेथे सरकून थांबले असेल तेथवर चाक गेले होते असे समजावे. प्रत्येक फेरीत ते ठोकळ्यापर्यंत पोहोचत असेल तर मोटार फार खाली किंवा फार मऊ आहे. सर्वांत वाईट खड्ड्यानंतरही पुष्कळ दांडा कोरा राहिला तर ती गरजेपेक्षा उंच किंवा ताठ आहे. एका वेळी एकच बदल करावा, तोच चालक, तीच वाट ठेवावी आणि प्रत्येक आकडा वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

आपल्या रस्त्यांवर

हा सारा प्रपंच रॅलीत भाग न घेणाऱ्या आपणांस कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या गावातच आहे. मोटार शर्यतीच्या मोटारीसारखी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापून ती खाली बसविण्याची हौस काही तरुणांत दिसते. स्प्रिंगचा ताठपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ कामाच्या वेढ्यांपैकी दोन कापले की ती सव्वापटीहून अधिक, नेमके सांगावयाचे तर १.३३ पट ताठ होते; शॉक-अॅब्सॉर्बर मात्र पूर्वीचाच राहतो, वर जाण्याची मुभा घटते आणि चाक लोंबताच आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. भारतीय मोटार वाहन कायद्यानेही मूळ रचनेत असा मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे. रॅलीचा चालक एक एक मिलिमीटर वहीत लिहून बदलतो, आणि येथे दिसण्यासाठी चार बोटे एका घावात कापली जातात. त्या मोटारीत पुढे मित्र बसतात, कधी घरची मंडळीही बसतात.

विद्यार्थिमित्रांनी एक लहानसा प्रयोग अवश्य करून पाहावा. घरची स्कूटर मुख्य स्टँडवरून उतरवून कोणाला तरी सरळ धरावयास सांगावे. मागील चाकाच्या मध्यापासून वर एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे; मग एकाला बसवून पुन्हा मोजावे, नंतर दोघांना. तीन आकडे आलेखावर मांडावे. रेषा सरळ येते का, की शेवटी वाकते? वाकत असेल तर का, याचे उत्तर या लेखातच कोठेतरी सापडेल. ते सापडले म्हणजे कपाटातील ती जुनी स्प्रिंग आपणांस पूर्वीसारखी निर्जीव वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.