खोली नको, लॉबी बरी

शनिवारी संध्याकाळी टोकियोतल्या ओजिमाच्या आमच्या दांचीत जिन्याने वर चढलं की प्रत्येक मजल्यावर वेगळी फोडणी नाकात शिरते. दांची म्हणजे उंच इमारतींची भाड्याच्या घरांची वसाहत. यूआर या निमसरकारी संस्थेची घरं; घरमालकाला द्यायचा नजराणा नाही, दलाली नाही, जामीनदार लागत नाही. टोकियोत परदेशी माणसाला जामीनदार शोधून आणायला सांगणं म्हणजे घर नाकारण्याचीच सभ्य रीत, त्यामुळे आयटीवाली भारतीय कुटुंबं इथे स्थिरावली. मुलांसाठी भारतीय शाळा २००४ पासून याच कोतो वॉर्डात आहे. शेजारच्या एदोगावा वॉर्डात तर २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. म्हणजे ओजिमातल्या मराठी माणसाला एकटं वाटायला तसं काही कारण नाही.

मला वाटत होतं. साताऱ्याला आईला अर्धांगाचा झटका आला, तिच्यासाठी बायको मुलीला घेऊन गेली. सहा महिन्यांचा बेत होता, सव्वा वर्ष झालं. इकडे मी, भाताचा कुकर आणि भिंतीपलीकडून ऐकू येणारी दुसऱ्यांची मुलं. माझी बायको माझ्या आईचं अंथरूण बदलत होती आणि मी इथे पुढे सांगतो तो उद्योग करत होतो. ही लाज आधीच नोंदवून ठेवतो, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

मोबाइलवर एका स्त्रीचा संदेश आला. तासाच्या हिशोबाने सोबत, अगदी गुप्त, हॉटेल तुमच्या पसंतीचं. ‘मला फक्त बोलायला कोणी हवं होतं’ असं मी नंतर लोकांना सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. किन्शिचोला एका बिझनेस हॉटेलात मी नऊ हजार येनला खोली घेतली. ओजिमाहून दोन स्टेशनं सुमियोशी, तिथे हान्झोमोन लाइन बदलली की पुढचंच स्टेशन. इतक्या जवळ जायला मी टोपी आणि मास्क घातला होता. गाडीत आमच्याच इमारतीतले एकजण दिसले म्हणून डबाही बदलला.

खोलीत बसल्यावर संदेश आला, आधी वीस हजारांची ‘अनामत’, भेटीनंतर परत. खाली कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, प्रीपेड कार्ड घ्या आणि मागचा नंबर खरवडून फोटो पाठवा. माझ्या छातीत धडधडत होतं. मला वाटलं, पहिलीच वेळ आहे, असं होणारच.

कोंबिनीच्या गल्ल्यावर साठीच्या एक बाई होत्या. कार्ड मशीनखाली धरण्याआधी त्या थांबल्या आणि सावकाश जपानीत विचारलं, “फोनवर कोणी हे घ्यायला सांगितलं आहे का?” जपानभर दुकानदारांना पोलिसांनी हे विचारायला सांगून ठेवलं आहे, कारण कार्डाचा नंबर पाठवायला लावणं ही इथली अगदी रुळलेली फसवणूक आहे. गल्ल्याशेजारी तसं चित्रही चिकटवलेलं होतं. मी म्हणालो, “नाही, मुलीच्या खेळासाठी हवंय.” मुलगी तेव्हा साताऱ्यात आजीला पेज भरवत होती.

दुसऱ्यांदा ‘पडताळणी’चे तीस हजार. त्या बाईंना पुन्हा तोंड कसं दाखवायचं म्हणून मी रस्ता ओलांडून दुसऱ्या कोंबिनीत गेलो. तिसऱ्यांदा पन्नास हजार मागितले तेव्हा मी नकार दिला. मग भाषाच बदलली. पहिल्याच संदेशात मी विश्वास बसावा म्हणून रेसिडेन्स कार्डाचा फोटो पाठवला होता. तो त्यांनी मला परत पाठवला आणि खाली लिहिलं: तुझ्या कंपनीला कळवू, पोलिसांना कळवू, व्हिसा जाईल. येणारी कोणी नव्हतीच. मी ती दोन्ही कार्डं आणि पावत्या स्टेशनच्या कचऱ्यात टाकल्या, घरात कोणाला सापडू नयेत म्हणून. घरात होतं कोण?

तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका कढीचा डबा घेऊन आले आणि माझं तोंड बघून दारातच म्हणाले, “अरे, गावाकडे काही झालं का?” मी सगळं सांगितलं. त्यांनी चिडचिड केली नाही, उपदेशही केला नाही. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कार्डं कुठायत?” कार्ड आणि पावती हातात असेल तर कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच फोन करून उरलेली रक्कम गोठवता येते का ते पाहता येतं. मी ती फेकली होती. लपवताना पन्नास हजार गेले, नंतर लपवताना ते परत मिळण्याची शक्यताही गेली.

#९११० हा पोलिसांचा सल्ल्याचा नंबर आहे, तातडीचा ११० वेगळा. काका शेजारी बसले आणि मी फोन केला. पलीकडच्या माणसाने मी खोली कशासाठी घेतली होती हे एकदाही विचारलं नाही. पैसे किती, कसे दिले, संदेश शिल्लक आहेत का, एवढंच विचारलं. पुन्हा पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, काही पुसू नका, असं सांगितलं. कंपनीला आजतागायत काही आलेलं नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे त्यानंतर दोघा तरुण मुलांनी मला चाचरत विचारलं, “दादा, पहिल्यांदा जाताना भीती वाटते, काय करावं?” मी ‘जाऊ नकोस’ म्हणालो असतो तर त्यांनी मान डोलावली असती आणि टोपी घालून किन्शिचोला गेले असते. म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडतो.

आधी भीती कशाची ते स्वतःशी बोलून घ्या. अनोळखी माणसासमोर बसायची भीती असेल तर ती पहिल्या दहा मिनिटांत ओसरते, तिला औषध नाही आणि लागतही नाही. बायकोला कळेल ही भीती असेल तर तो प्रश्न हॉटेलातला नव्हे, घरातला आहे. तो घरीच सोडवा. मी माझा सोडवला. त्याचा तपशील इथे लिहिणार नाही. काहीतरी चुकतंय अशी भीती असेल, म्हणजे पैसे आधी, नंबरचा फोटो आधी, ओळखपत्र आधी, तर ती दाबू नका. माझी धडधड या शेवटच्या प्रकारची होती आणि मी तिला पहिल्या प्रकारची समजून पाठीवर थोपटत बसलो. पिऊन गेलात तर हा फरक अजिबात कळणार नाही.

कायद्याचंही थोडं, कारण धमकी त्याच्याच नावाने येते. जपानमध्ये १९५६ चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आहे. पैसे घेऊन शरीरसंबंधाला तो बंदी करतो, पण त्यातली शिक्षा गिऱ्हाईक हुडकण्याला, दलालीला, जागा पुरवण्याला आहे. दुसरीकडे १९४८ च्या वेगळ्या कायद्याखाली नोंदणी करून या धंद्याच्या आसपासचे बरेच धंदे उघड चालतात. ही रेघ परदेशी माणसाला दिसत नाही आणि ठगाचं पोट त्या न दिसण्यावर भरतं. समोरची व्यक्ती अठराखालची असेल तर मात्र १९९९ चा कायदा लागू होतो आणि तो गिऱ्हाइकालाही धरतो.

त्याहून अवघड गोष्ट दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईची. टोकियोतल्या काबुकिचोत ओकुबो पार्कभोवती ज्या मुली उभ्या राहतात त्यांतल्या कित्येकींवर होस्ट क्लबची, म्हणजे जिथे पुरुष बायकांची सरबराई करतात अशा क्लबची, उधारी असते. ती उधारी वसूल करायला मुलींना या वाटेला लावण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २०२५ मध्ये कायद्यात बदल करावा लागला. दार उघडल्यावर समोर उभी असलेली बाई आपल्या मर्जीने आली आहे की कोणी पाठवली आहे, हे चेहऱ्यावरून कळत नाही. हे आठवून कोणाचे पाय अडखळले तर अडखळू देत.

आता भाड्याने सोबत हा प्रकार जपानमध्ये सरळ, उजेडातही मिळतो, हे आपल्याला पटकन पचत नाही. शोजी मोरिमोतो नावाचा गृहस्थ २०१८ पासून ‘काहीही न करणारा माणूस’ म्हणून स्वतःला भाड्याने देतो. त्याच्यावर २०२० मध्ये मालिकाही निघाली. शेजारी बसतो, खातो, विचारलं तर मोघम उत्तर देतो. २०१२ पासून तासाला हजार येनला मध्यमवयीन पुरुष भाड्याने देणारी सेवा आहे, ‘ओस्सान रेंटल’. भाड्याची मैत्रीण देणाऱ्या संस्थांचे नियम तर आपल्या वसतिगृहाच्या रेक्टरला लाजवतील असे असतात: हात धरण्यापलीकडे स्पर्श नाही, बंद खोलीत भेट नाही. ज्याला खरोखर बोलायलाच कोणी हवं आहे त्याला खोलीची गरजच पडत नाही, हे मला पन्नास हजार येन गेल्यावर समजलं.

मी दुसऱ्यांदा गेलो तो अशा एका सेवेतून, बायकोला सांगून. साधारण माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाई होत्या. भेट एका हॉटेलच्या लॉबीतल्या कॉफी लाउंजमध्ये. हॉटेलची लॉबी ही चोरट्या माणसाला वाटते तितकी भयंकर जागा नाही. तिथे कामाच्या बैठका चालतात, लग्नाची मुलंमुली दाखवली जातात, म्हाताऱ्या मैत्रिणी केक खातात. तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. कॉफी बाहेरच्या साध्या कॉफीहाउसपेक्षा चांगलीच महाग, पण कोणी उठवत नाही. बिझनेस हॉटेलची खोली उलट अडचणीची. पाहुण्यांच्या नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी वर सोडतच नाहीत. त्यामुळे चोरून आत घ्यायचं, काउंटर चुकवायचं, लिफ्टमध्ये खाली बघायचं, ही सगळी धडधड आपण विकत घेतलेली असते. राहायचंच असेल तर नोंद खऱ्या नावाने करा आणि बाहेरची व्यक्ती चालते का ते काउंटरवरच विचारा. ‘नाही’ म्हणाले तर लॉबी आहेच.

दहा मिनिटं आधी पोचलो, टोपी घरी ठेवून. काकांना सांगून गेलो होतो: अमुक हॉटेल, साडेसहापर्यंत परत. एका माणसाला ठावठिकाणा माहीत असला की धमकीचा निम्मा दात तिथेच पडतो. कार्ड, कंपनीचा बिल्ला, व्हिजिटिंग कार्ड काही दाखवलं नाही. रेसिडेन्स कार्ड कायद्याने खिशात बाळगावं लागतं, पण ते मागण्याचा अधिकार पोलिसांसारख्या अधिकाऱ्यांचा आहे, कॉफी पिणाऱ्याचा नाही. किती तास, किती पैसे, येण्याजाण्याचं भाडं कोणाकडे, हे बसताबसताच त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि पावती दिली. ज्या व्यवहाराची पावती मिळते तिथे धडधड आपोआप बसते. दुकानदाराचा मुलगा आहे मी, मला हे आधीच कळायला हवं होतं.

पहिली काही मिनिटं भयाण शांतता. माझं जपानी ऑफिसातलं, म्हणजे ‘डेटाबेस बंद आहे’ हे मी अस्खलित सांगू शकतो. त्या बाईंनी शांततेत कॉफी ढवळली, जराही घाईत नव्हत्या. मग मी मोबाइलवर आईचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, माझ्याही सासूला तोच आजार होता, आम्ही कधी विसरून डाव्या बाजूला बसत असू आणि तिला आम्ही दिसतच नसू. मी हे रात्री बायकोला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अहो, म्हणूनच आई डाव्या हातचं पाणी घेत नाहीत.” दुसऱ्या दिवसापासून तांब्या उजवीकडे गेला. दोन तासांचे पैसे तिथेच वसूल.

मध्येच नको वाटलं तर उठायला लाजू नका. “सुमिमासेन, क्यो वा कोरे दे” एवढं पाठ करून ठेवा: माफ करा, आज इतकंच. ठरलेले पैसे द्या, कमरेत वाका, निघा. समोरचा माणूसही अनोळखी व्यक्तीला भेटायला आलेला असतो आणि दाराकडे तोंड करून बसतो, हे माझ्या लक्षात आलं ते उशिरा. दाराकडची खुर्ची त्यांनाच द्या.

फसलाच असाल तर #९११०, ग्राहक तक्रारीसाठी १८८. कार्ड, पावती, संदेश काहीही फेकू किंवा पुसू नका. आणि कोंबिनीतल्या बाई विचारतील तेव्हा खरं सांगा.